फिनलंडचं मांजर

गुजराती शेजारात राहून आमच्या चार वर्षांच्या मनूचं मराठी जाणार, ही माझी कायमची धास्ती. परवा ह्यांच्या ऑफिसातल्या अमेरिकन कॅरनबाई जेवायला आल्या. फिनलंडहून अमेरिकेला गेलेल्या पणजोबांचं नाव जहाजाच्या जुन्या यादीत सापडलं, म्हणून भलत्याच खुशीत होत्या.

“भाषा मात्र गेली,” त्या म्हणाल्या. “घरात एकच शब्द उरलाय, किस्सा. म्हणजे मांजर.”

मी लगेच मनूकडे वळले. खिडकीतल्या मांजराकडे बोट दाखवून मी विचारलं, “मनू, आपल्या मराठीत ह्याला काय म्हणतात गं?”

“बिलाडी!” मनूनं ठणकावून गुजरातीत सांगितलं.

सासूबाई पोळी वाढत म्हणाल्या, “चेहरा कशाला पाडतेस? त्यांचं सगळं जाऊन मांजर उरलं. आपलं नुसतं मांजरच गेलंय!”