शेजारचा ब्रेक

अहो थांबा, थांबा – सीट मागे नका सरकवू – सरकवलीत? बरं, असू दे. माझ्या मुलीच्या मापाची होती, पाय आखूड तिचे. नाही नाही, तुमचं काही चुकलं नाही, बसून तर बघायलाच हवं, माणूस पलंग घेतानासुद्धा पाठ टेकून बघतो – हां, आता पट्टा लावा. हसू नका, लावा. माझ्या घरात पट्ट्याशिवाय कुणी गाडीत बसत नाही, मग ती गाडी खोलीतल्या खोलीत उभी का असेना. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलंय मी. आंधळ्याला डोळस केलं असं नाही म्हणत, पण क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे ज्यांना सात दिवसांत कळलं नव्हतं, अशांना लायसन्स मिळवून दिलंय. आणि माझ्या शेजारी बसून एकाच्याही नखाला धक्का लागला नाही. एकाच्याही. विचारा बाजारात कुणालाही, मास्तर म्हणून विचारा.

तर हे असं आहे बघा. जाहिरातीत ‘घरी बनवलेला रेसिंग सिम्युलेटर’ असं लिहिलंय, ते मुलीनं लिहून दिलं, मला कुठलं येतंय. मी आपलं ‘गाडी’च म्हणतो, पडद्यावर पळणारी. तयार घ्यायचा तर आमच्यासारख्यांनी नुसतं काचेबाहेरून बघायचं. म्हणून हा कोंड्याचा मांडा. सांगाडा कशाचा ओळखा – अहो, लोखंडी पलंगाचा! माझ्याच. मी तेव्हापासून गादी जमिनीवर टाकून झोपतो, पाठ सुधारली उलट. सीट आमच्या स्कूलच्या पहिल्या गाडीची, भंगारात घालताना तेवढी काढून घेतली. पेडलंही तिचीच. ब्रेकमागे दाराला लावतात तो रबरी ठोकळा बसवलाय, म्हणून तो खऱ्यासारखा कडक लागतो – दाबा, दाबा जोरात, मोडत नाही. आणि पाय किती दाबला हे कॉम्प्युटरला कसं कळतं? जुन्या रेडिओचं आवाज कमीजास्त करायचं बटण असतं ना, ते! पेडल खाली गेलं की ते बटण फिरतं, बास. स्टिअरिंग तेवढं विकत घेतलं, तेही कुणाचं तरी वापरलेलं. आणि टीव्ही समोरच्या न्हाव्यानं दुकानातला बदलला तेव्हा उचलून आणला. कोपऱ्यात हिरवी रेघ दिसते, तिचे वेगळे पैसे घेणार नाही मी.

वायरिंग सगळं मुलीचं. भिंगरी म्हणतो मी तिला, लहानपणापासून एका जागी कधी ठरलीच नाही. आई तिची ती नऊ वर्षांची असताना गेली – तापानं गेली, गाडीबिडी काही नाही – मग मीच आई, मीच बाप, आणि स्कूलची गाडी म्हणजे तिचं पाळणाघर. मागच्या सीटवर गृहपाठ करायची आणि पुढच्या शिकाऊ माणसाला सांगायची, ‘काका, तिसरा टाका आता.’ तिसरा टाकायचीच वेळ असायची हो! तर ती वायरिंग करायची तेव्हा टेपचं टोक नेहमी दुमडून ठेवायची. ‘बाबा, उद्या उघडायची वेळ आली तर नख मोडायला नको.’ ही बघा, स्टिअरिंगखाली, पिवळी टेप – टोक दुमडलेलं दिसतंय? तिचं. आणि काळी टेप, डोक्याला पट्टी बांधल्यासारखी गुंडाळलेली, ती माझी.

काय? ते – ते काही नाही. ते असंच. पाय ठेवायला आहे. स्टुलावर बसून मी बघायचो ना शेजारी, तर पाय ठेवायला काहीतरी – हो, पेडलसारखं दिसतं खरं. पेडलच आहे. तुम्हाला गाडीतलं कळतं म्हणजे. ब्रेक आहे तो. शेजारचा ब्रेक. शिकवायच्या गाडीत असतो ना मास्तरच्या पायाशी, तसाच. आता हसा. पडद्यावरच्या गाडीला शेजारचा ब्रेक! तीही हसली होती, पोट धरून. ‘बाबा, इथे भिंतीला धडकलं तरी कुणी मरत नाही, बटण दाबलं की गाडी पुन्हा नवी.’ पण मला बसवेचना हो त्याशिवाय. ती दोनशेच्या वेगानं वळणावर जायची आणि माझा पाय मोकळ्या जमिनीवर आपटायचा. जित्याची खोड. मग लावून टाकला. तिच्या ब्रेकच्याच वायरीला जोडला. तिचं पेडल हलत नाही त्यानं, पायाला काही कळत नाही, फक्त गाडीला कळतं.

जोरात चालवायची? अहो, जोरात चालवणारे शंभर असतात. ती नीट चालवायची. वळण यायच्या आधी वळण दिसायचं तिला. एकतीस वर्षांत मी असा हात दुसरा पाहिला नाही, आणि मुलगी आहे म्हणून नाही म्हणत. मग ती निवडीची शर्यत निघाली. तीस जण, प्रत्येकजण आपापल्या घरून, अशाच गाडीत बसून. पहिले दोन जे येतील त्यांना खऱ्या मैदानावर नेणार, खऱ्या गाडीत बसवणार, शिकवणार, सगळा खर्च शर्यतवाल्यांचा. आमच्यासारख्यांना आणखी कुठलं दार उघडतं? हेच एक. तिनं मला त्या गाडीचा फोटो दाखवला. मी विचारलं, ‘शेजारची सीट कुठे आहे?’ ती म्हणाली, ‘नसते, बाबा. एकच सीट असते.’

एकच सीट.

शर्यतीच्या आठवडाभर आधी म्हणाली, ‘आता तो ब्रेक काढा, चुकून पाय पडायचा.’ मी म्हटलं काढतो. बसलोही होतो काढायला, पक्कड हातात होती, पण तोडवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, ‘काढली वायर?’ मी म्हटलं, ‘काढली. पेडल राहू दे, पाय ठेवायला होतं.’ एवढा विश्वास तिचा, खाली वाकून बघितलंसुद्धा नाही.

तुम्ही उतरा हवं तर, पट्टा रुतत असेल. नाही? बरं.

शेवटची फेरी. ती दुसरी. पुढे एक गाडी, मागे एक, आणि दोनच वळणं उरलेली. पहिलं वळण आलं, तिनं ब्रेक लावायला उशीर केला – म्हणजे उशीर नव्हे, तिची तीच पद्धत, शेवटच्या क्षणी – आणि माझा पाय गेला. सवयीनं गेला, शपथेवर सांगतो. वेग जरासा पडला, पडद्यावर आकडा खाली आलेला दिसला मला. तिनं सावरलं! तरीही दुसरीच. मला कळलं होतं ना तेव्हा, की वायर जोडलेली आहे नि आपला पाय चालतोय. मग पाय उचलून बाजूला ठेवायचा की नाही? साधी गोष्ट. सात दिवसांचा शिकाऊसुद्धा ठेवेल.

नाही ठेवला.

दुसऱ्या वळणाला मी दाबला. सवयीनं नाही. कळून, बघून, हलकेच – मास्तरचा पाय आहे, किती दाबला की शेजारच्याला कळत नाही हे मला नाही तर कुणाला कळणार? मागची गाडी पुढे सरकली. ती तिसरी आली. पापणी लवायच्या आत झालं सगळं. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय. आजवर हे कुणाला सांगितलं नाही मी, आणि तुमचं तर मला नावही माहीत नाही.

ती नुसती बसून राहिली हात स्टिअरिंगवर ठेवून. मी म्हटलं, चहा करतो. चहाला किती वेळ लागतो? मी अर्धा तास केला. बाहेर आलो तर तिनं टीव्ही बंद केलेला, सगळ्यावर चादर घातलेली. जेवताना म्हणाली, ‘बाबा, शेवटच्या वळणावर नक्की काय झालं हो? बहुतेक मी घाबरले. माझाच पाय गेला असेल ब्रेकवर. नाही का?’ माझ्याकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मी ताटात बघून म्हटलं, ‘होतं असं कधीकधी.’

दोन वर्षं झाली. आता दुसऱ्या गावी विम्याच्या ऑफिसात आहे, ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघून कागद भरते. स्वतः गाडीला हात लावत नाही. सुट्टीला येते, मी स्टँडवर आणायला जातो, पुढचं दार उघडून धरतो – ती मागचं उघडून मागे बसते. लहानपणी बसायची तशी. मी म्हणतो, बिचारीचा धीरच खचला, पुढे बसायचीसुद्धा भीती बसली तिच्या मनात. आरशातून बघतो मी तिला. ती खिडकीबाहेर बघते. आणि ही भीती तिच्यात घातली कुणी? मीच ना.

परवा फोन आला, ‘बाबा, विकून टाका ते, खोली अडते.’ आणि एक विचित्रच बोलली – ‘पण तुम्ही स्वतः सोडवा. घेणाऱ्याला हात लावू देऊ नका. शेजारच्या पेडलपासून सुरुवात करा.’ मी म्हटलं, बरं बाई. तर तुम्हाला घ्यायचं पक्कं असेल तर सोडवायला घेतो, अख्खं काही या दारातून जायचं नाही. घेणार ना? कुणासाठी – मुलीसाठी? वा. वा. छान. पक्कड द्या ती इकडे. ही फळी काढली की खाली वायर आहे, माझीच काळी टेप असेल, ती तेवढी तोडायची म्हणजे –

हे बघा. हे –

तोडलेली आहे.

नाही, उंदीर नाही. उंदीर टेप लावत नाही. दोन्ही टोकं वेगळी बांधलीत, पिवळ्या टेपनं. टोक दुमडून.

थांबा जरा. बोलू नका. शर्यतीच्या दिवशी ही जोडलेली होती. आकडा खाली आलेला मी डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर या गाडीत कुणी बसलेलं नाही, ती तर सुट्टीला आली तरी या खोलीत पाऊल टाकत नाही. आणि या खोलीत ती एकटी होती ते फक्त – मी चहा करत होतो तेव्हा. तो अर्धा तास. म्हणजे जेवायला बसायच्या आधीच. ‘नक्की काय झालं हो, बाबा’ असं विचारलं तेव्हा तिला ठाऊक होतं. ‘माझाच पाय गेला असेल, नाही का’ – अहो, तिनं दार उघडून धरलं होतं माझ्यासाठी. नुसतं ‘नाही गं, माझा’ एवढं म्हणायचं होतं. आणि मी म्हटलं, होतं असं कधीकधी.

आणि ती मागे बसते.

भीतीनं नव्हे हो. माझ्या शेजारी बसायचं नाही म्हणून.

तुम्ही या आता. नाही, किमतीचं काही नाही, तुमचं काही चुकलं नाही, या तुम्ही. विकायचं की नाही ते मी तिला विचारतो, फोन – फोन कुठे ठेवला मी – हा काय. तुम्ही असताना नाही लावता यायचा मला. तुमच्या मुलीला शिकवा चालवायला, जरूर शिकवा. सीट? राहू द्या तशीच मागे. मी सरकवतो पुढे. जाताना दार तेवढं ओढून घ्या.