आजोबांच्या तरंग्या

हलू नका म्हटलं ना, टाचणी टोचेल — आणि टोचली की मलाच बोल लावाल. आरशात बघा सरळ. हं, असं. कोट अजून कच्चा आहे, नुसता धावदोरा घातलाय, एक दोरा ओढला की बाही हातात येईल, म्हणून म्हणते, नवरदेव, जरा दमानं. घट्ट होतोय? कुठे, काखेत? होणारच. बघू की, लग्न उद्या आहे, आख्खी दुपार पडलीय अजून. फोन द्या इकडे, खिसे कुठायत अजून या कोटाला, मी ठेवते टेबलावर. तर काय सांगत होते मी — हां, तुमच्या फोनवरचं हे चित्र. तरंगी ना ही? अहो, असे बघताय काय, शिंपिणीला खेळ माहीत नसतात होय? परग्रहावरचा तो खेळ, जिथे तिथे राक्षस आणि तोफा, आणि मधेच ही तरंगत असते — छत्रीएवढी, पोटात दिवा, खाली झिरमिळ्या. चावत नाही, ओरडत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मारली तर गुणसुद्धा मिळत नाहीत. तरी मारतात लोक. का मारतात? तुम्ही सांगा — नाही, राहू द्या, हनुवटी वर करा.

ते कोपऱ्यात खुर्चीत बसलेत ना, ते माझे बाबा. मास्तर म्हणतात त्यांना सगळे. आता बघून खरं वाटणार नाही, पण या माणसानं कात्री धरली की गिऱ्हाईक बोलायचं थांबायचं. हाताखालच्या कारागिरांनी कोट आणला की तो घालून गिऱ्हाइकाला असंच या फळीवर उभं करायचे, भोवती एक चक्कर मारायचे, आणि मनास आला नाही तर पाठीवर खडूनं फुली. बोलणं नाही, चिडणं नाही. फुली म्हणजे उसवा, सगळा, पहिल्यापासून. दुकानाचा कायदाच तो. माझ्या पहिल्या कोटावर फुली पडली तेव्हा मी रडून दुकान डोक्यावर घेतलं होतं, आईनं रदबदली केली तरी ऐकलं नाही त्यांनी. मग झटका आला — उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. व्यायाम करवून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, हात चालता ठेवा, काही खेळायला द्या. म्हणून हा खेळ आणला. आणि गंमत बघा, गोळी झाडायचं बटण उजव्या हाताला! बाबांना झाडताच येईना. आणि तरंगीचं कसं आहे — तुम्हाला ठाऊकच असेल — जन्मात एकही गोळी न झाडलेल्या माणसाच्याच मागे येते ती. झालं! हा एवढा थवा जमला बाबांच्या मागे. लांबलांबचे खेळाडू बघायला यायचे. खेळातलं त्यांचं नाव मीच ठेवलं होतं — आजोबा.

डावा हात वर करा. नाही होत? करा की थोडा. हं, मुंढा तंग आहे, बाही जोडतात ती काखेतली गोलाई, मीच ठेवलाय तसा. का म्हणजे? सांगते ना.

एकजण आला. गोड बोलणारा. आजोबा कसे आहात, आजोबा जेवलात का — बाबांना बोलता येत नव्हतं, ऐकू यायचं सगळं, खेळातलं बोलणं ऐकायचं यंत्र कानाला लावून हसत बसायचे. नवं खातं उघडलं होतं त्यानं मुद्दाम, एक गोळी झाडली नाही, कित्येक दिवस बाबांच्या शेजारून चालला. एवढा धीर! हा धीर चांगल्या कामाला लावला असता तर — जाऊ दे. मग म्हणाला, आजोबा, पलीकडच्या दरीत अजून आहेत, चला. बाबा गेले. दरी अरुंद, वर खडकाचं छत, तरंग्यांना उडून जायला जागा नाही. आणि मग एकेक. प्रत्येक गोळीला म्हणत होता, आजोबा, टाटा करा! आजोबा, टाटा करा! आणि ते हसणं. वर त्याचा व्हिडिओ करून टाकला, लोक हसले पोट धरधरून. बाबांनी कानाचं यंत्र काढलं, हात मांडीवर ठेवला, तो तिथेच आहे. चमचासुद्धा उचलत नाहीत, मी भरवते.

मी काय केलं? मी शिकले खेळ. शोधत हिंडले त्याला, दिसेल त्यावर झाडत सुटले. सापडला नाही मेला. आणि आता मी बंदूक टाकून नुसती उभी राहिले तरी माझ्याकडे एक तरंगी फिरकत नाही. एकसुद्धा नाही. ते सोडा — हे तुम्हाला कशाला सांगतेय मी.

तर तुम्ही मापं द्यायला आलात. छान बोललात. आणि दारातून जाताना बाबांकडे बघून म्हणालात, आजोबा, टाटा करा! हसलात. मी तो व्हिडिओ इतक्यांदा ऐकलाय की ते हसणं मला झोपेतही ओळखू येईल. बाबांकडे बघितलं तर तो डावा हात खुर्चीच्या दांडीवर आवळलेला. तेवढंच, मग परत मांडीवर. म्हटलं, येऊ दे. कापड कापू दे, लग्न तोंडावर येऊ दे. — काय? गंमत होती? तो फक्त खेळ होता? हो, आणि हा फक्त कोट आहे. उतरू नका फळीवरून, पाठीला टाचण्या आहेत.

बाबा? बाबा, उठू नका, तोल जाईल — थांबा, खुर्ची आणते पुढे. काय हवंय? हा? खडू? घ्या. घ्या बाबा. तुम्ही हलू नका हो, श्वाससुद्धा जपून घ्या. सावकाश, बाबा. धरलंय मी तुम्हाला.

... बघितलंत? नाही, तुम्हाला कसं दिसणार, पाठीवर आहे. जरा वाकडी आलीय, डाव्या हाताची ना. पण फुली आहे. मास्तरांची फुली आहे. अहो, माझ्या बाबांनी हात उचलला!

आता कायदा म्हणजे कायदा. ही उजवी बाही. ही डावी. ही पाठ, ही आपण ठेवणार, खडू पुसायचा नाही. बाकीचं कापड घ्या तुमचं, हा फोन घ्या. तयार कोट मिळतात कोपऱ्यावर, खांद्यात लोंबतात, पण एका दिवसाचा तर प्रश्न आहे. रडायला काय झालं, फक्त खेळ आहे.

बाबा, करा त्यांना टाटा. — आणि दार ओढून घ्या जाताना.