दोन बदकांची सरासरी

...नाही, तुम्हीच सांगा, सहा वर्षं घरापासून लांब राहून मी पक्षी शिकलो ते काय नगरपालिकेच्या अहवालातल्या या एका रकान्यासाठी? 'तळ्यावरील पक्षी व त्याची स्थिती.' रकाना एक, आणि तळ्यावर बदकं दोन जातींची! तुम्हाला सांगतो, नगरपालिकेला ते तळं बुजवून तिथे गाड्या उभ्या करायच्यात. धोक्यातला पक्षी निघाला तरच काम थांबणार. असा नियम आहे म्हणून तर पक्षी मोजायच्या या कामावर मी परत आलो हो, उड्या मारत आलो!

नगरपालिकेतल्या हेडक्लार्कना म्हटलं, "काका, दोघांचं कुळ एक, वंशही एक. दोघंही उत्तरेकडे अंडी घालतात, थंडीत दक्षिणेकडे उतरतात. पण हे काळं शेंडीवालं अजून भरपूर आहे, आणि हे लाल डोक्याचं भराभर कमी होतंय, जगाच्या यादीत असुरक्षित!"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुळ एक, जाणं-येणं एक... मग भांडण कसलं? बदक ते बदक!"

घरी आत्या! "शेजारणीचा जावई पूल बांधतो पूल, आणि तू दोन बदकांतला फरक शोधतोस? अरे, बदक ते बदक!"

तरी मी चौदा पानं लिहिली, नकाशे काढले, पहाटे गारठून डोकी मोजली... लाल डोकी फक्त एकोणीस, तुम्हाला सांगतो, एकोणीस! काकांनी पानं हातावर तोलली. "मेहनत दिसते. पण एक धोक्यात, एक मजेत, आणि रकाना एक. शाळांच्या निकालाचं आपण काय करतो? सरासरी!" आणि लिहिलं की हो, 'मध्यम'!

पक्षी मध्यम कसा असेल? ओरडलो, टेबलावर हात आपटला, काकांचा चहा सांडला, तसाच साहेबांपुढे उभा राहिलो. साहेब गोड हसले. "तुमची तळमळ पोचली बरं का." आणि सही ठोकली : स्थिती मध्यम, सबब तळं निम्मंच बुजवावं.

वर मलाच आराखडा मागितला, उरलेल्या पाण्यात कोणतं बदक कुठे बसणार त्याचा. दिला! दमलो होतो हो... लाल डोक्यांना खोल बाजू तरी मिळावी म्हणून दिला, दोन प्रतींत. काल परत आला. शेरा : 'संबंधित बदकांची लेखी संमती जोडावी.'

...म्हणून बसलोय काठावर, कोरा कागद घेऊन.