मसुरीतले खडे

कैरोतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात वफा आपल्या नंबरची वाट बघत होती. डॉक्टरांच्या खोलीतून एक म्हातारं जोडपं बाहेर आलं आणि तिच्या शेजारी मटकन बसलं.

म्हातारा बायकोला म्हणाला, “तीन महिने आधी यायला हवं होतं म्हणे. कोरोनातून उठल्यापासून तुझ्या डोळ्यांपुढे डाग आहे, आणि बहीगा, तू सांगतेस कधी, तर परवा!”

“तुम्हाला जेवायला वेळेवर मिळत होतं ना?”

“मिळत होतं. खड्यांसकट.”

“मसुरीत खडे होते?”

“रोज. एका खड्याने माझी दाढ गेली.”

“अहो, मग बोलायचं नाही? एरवी मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेता! या वेळी एकदाही ओरडला नाहीत. मला वाटलं, मी नीट निवडतेय, डोळे आपोआप सुधारताहेत.”

“मला वाटलं, एवढ्या आजारातून उठलेली बाई, तिला कशाला टोचून बोला.”

म्हातारीने चाचपत त्याची बाही धरली.

“चल, ऊठ. बस जाईल.”

“आता खडा लागला तर ओरडाल ना?”

“ओरडेन,” म्हातारा इतक्या हळू म्हणाला, की शेजारी बसलेल्या वफालाही ते जेमतेम ऐकू आलं.