बाबांच्या इंजिनातलं सिमेंट

अमेरिकेत इंडियानातल्या त्या जत्रेत वजन ओढायच्या स्पर्धेला घोडे असत, तेव्हापासून वर्नाबाई लिंबू सरबताच्या रांगेत उभ्या राहत आल्या होत्या. आता घोडे गेले आणि डिझेलचे पिकअप ट्रक आले. रांगेत त्यांच्या मागे लव्हॉन आणि तिचा धाकटा भाऊ मर्ल उभे होते.

"मर्ल, शनिवारी बाबांचा ट्रक धुऊन आण. लग्नाला माझी पोरगी त्यातूनच चर्चला जाणार. मरताना बाबांनी तिला शब्द दिलाय."

"ताई, त्याचं इंजिन आता स्पर्धेचं केलंय. अडीच हजार हॉर्सपॉवर."

"मग लवकर पोचेल."

"पोचणारच नाही. एवढ्या ताकदीनं इंजिनाचा ब्लॉक फाटू नये म्हणून त्याला थंड ठेवणारं पाणी खेळायच्या जागेत सिमेंट ओतलंय."

"बाबांच्या इंजिनात सिमेंट?"

"सगळेच ओततात."

"त्यांच्या थडग्याशी ओतायचं होतंस पसाभर. दगड अजून हलतोय. चालतं किती ते?"

"शंभर पावलं. मिनिटभरात तापतं, मग बंद करावं लागतं."

"चर्च दोन मैल आहे."

"माझी नवी गाडी ने ना."

"शब्द बाबांच्या ट्रकचा आहे."

"अगं, पण जाणार कसा तो?"

"तू ढकलशील. कोट घालून, भर गावातून. कोणी हसलं तर सांग, अडीच हजार हॉर्सपॉवर आहे म्हणून."

"चढावर नवरदेव हात लावेल का?"

"तो चर्चमध्ये वाट बघेल."

वर्नाबाईंचा नंबर आला होता, पण त्या मागे वळल्या.

"लग्न किती वाजता आहे हो?"