उठून गेलेल्यांची पत्रावळ

नाही, तसे नव्हे — आधी परिचय, मग उपदेश. माझे संपूर्ण नाव चंद्रभान नत्थूजी वैरागडे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर पूर्ण, मुक्काम हिंगणी, शिक्षण सातवी, वाचन अखंड. आणि आपण? काजल. ठीक. तर काजलबाई, सेलूच्या या स्थानकावर मी बसलो तेव्हापासून आपण फोनवरचे एकच बटण एकवीस वेळा दाबले आहे — मोजले, होय. हिंगणीची गाडी येईपर्यंत मनुष्याने दुसरे काय करावे? भावाच्या प्रवेशाचे पान उघडत नाही? उघडणार कसे? अंगठा बाजूला घ्या. घ्या हो, त्याला थोडी रजा द्या.

केळझरला महाप्रसादाला गेला असालच. मंडपात पंगत बसलेली, बाहेर ओट्यावर पुढच्या पंगतीची माणसे, आणि ओटाही भरला की दारावरचा गृहस्थ येणाऱ्याकडे पाहतच नाही — या म्हणत नाही, जा म्हणत नाही. आपले पान जिथून येते त्या पलीकडच्या सर्व्हरचे नेमके हेच. आता ओट्यावरचा एखादा शहाणा उठतो — म्हणजे बटण पुन्हा दाबतो — "काऊन गा, कधी बसवशीन?" असे विचारून येतो, आणि पुन्हा बसतो तो रांगेच्या शेपटाला. गंमत पुढेच आहे — तो उठल्याचे वाढप्याला कळतच नाही. पाळी आली की वाढपी त्याच्या जुन्या जागेची पत्रावळ मांडतो, भात वाढतो, वरण वाढतो, आणि समोर कोणी नाही. असे पाचशे शहाणे जमले की वाढपी दिवसभर राबतो आणि जेवत कोणीच नाही. हसू नका, त्यातला एक शहाणा आपल्या शेजारीच बसला आहे.

मागल्या वर्षी माझ्या नातीला, मयुरीला, वर्ध्याला नर्सिंगची जागा लागली. फक्त पाचच्या आत होकार कळवायचा होता. साडेचारला ती निवांत बसलेली, पानावरचे चाक फिरते आहे — आणि मला ते फिरणे बघवेना. म्हटले, पोरीला तंत्र ठाऊक नाही. फोन घेतला. ती म्हणाली, "आबाजी, हात नका लावू, येऊन राह्यलं नं." मी दाबले. पुन्हा दाबले. पाच वाजेपर्यंत दाबत होतो; जागा गेली. म्हणजे तिला ओट्यावरून — असो.

सर्व्हरवाल्यांविरुद्ध तक्रार लिहिली मी, चार पाने, एकही खाडाखोड नाही. पुराव्यासाठी नागपूरहून सर्व्हर या विषयाचा जाड इंग्रजी ग्रंथ मागवला, शब्दकोश मांडीवर घेऊन दोन महिने वाचला, आणि त्या ग्रंथाने आरोपी म्हणून मलाच उभे केले. उत्तर येईना तर थांबावे, मग दुप्पट थांबावे, मग त्याच्याही दुप्पट — एवढाच तोडगा. सोपा आहे, माझ्यासारख्या विद्वानाला तेवढा अवघड. तक्रारीचे काय झाले? चुलीत गेली. आणि मयुरीला सांगितले का, की चूक कोणाची होती? — बाई, आपण आपले चाक पाहा.

थांबले ना? उघडले? मग माझ्याकडे काय पाहता, भरा. माझी गाडी लागली.

मयुरीला दुसऱ्या फेरीत यवतमाळ मिळाले. ती आता महिन्यातून एकदा घरी येते, आणि तिचा फोन समोर वाजत राहिला तरी मी त्याला हात लावत नाही.