शेंदराखालचा नंबर

मला सांगा भाऊ, जुनं इंजिन घेताना भरवसा कोणावर ठेवावा, विकणाऱ्यावर की इंजिनावरच्या नंबरावर? तुमच्या बाबूजींची बंद पडलेली विलायती मॉरिस मोटार भंगारात जाऊ नये, म्हणून कामठ्याच्या धानगिरणीला जोडलेलं जुन्या मोटारीचं विकाऊ इंजिन पाहायला गेलो. दर दसऱ्याच्या पूजेत शेंदूर लावून लावून नंबरच बुजलेला.

गिरणीवाल्या काकांना म्हटलं, "जरा खरडतो."

"देवाले खरडतं का बे?"

"मग आंघोळ घालू?"

"आंघोळीले कोन नाही म्हनते?"

कोमट तेलानं इंजिन चोळचोळून न्हाऊ घातलं. नंबर निघाला, अन् सुरुवातीची अक्षरं तुमच्या जुन्या इंजिनाचीच, म्हणजे बनावट तीच.

आता हे इंजिन बसवून देतो, बाबूजींना गाडीतून फिरवा. फक्त हिशोब खरा लिहा: तेलाचा खर्च दुरुस्तीत नाही, पूजेत.